तळीला तिघं

भट्टीकडे जाण्याआधी नाना कमरेची चंची सोडायचे आणि चिमूटभर भंडारा आधी मित्राच्या कपाळाला लावायचे, मग स्वतःच्या.

"घे. भाजलास तर तुझ्या बायकोला त्वांड कोण दाखवंल?"

"आन् तू भाजलास तर?"

"माझी खंबीर हाय. तुझी रडकी हाय."

जालना एमआयडीसीतल्या त्या सळईच्या मिलमध्ये मी वजनकाट्यावर होतो. दोघे वर्षानुवर्षं वडीगोद्रीकडून एकाच मोटारसायकलवर यायचे, एकाच डब्यात जेवायचे. नाना माझ्या भावकीतले, मेंढरांमागून आलेल्या घरातले. मित्र शेजारच्या गावातल्या जमीनवाल्या घरातला. अशा जोड्या तुम्हीही पाहिल्या असतील. आता दिसतात का, ते स्वतःला विचारा.

आरक्षणाचा वाद पेटला आणि दोन्ही गावांनी एकमेकांच्या टपरीवरचा चहासुद्धा सोडला. आमच्या बाजूची पत्रकं मी लिहीत होतो. 'त्यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नका' हे वाक्य माझं. हक्कांबद्दल लिहिलेला एक शब्दही मी मागे घेणार नाही. हे वाक्य घेतो.

नानांनी पत्रक वाचलं, नीट घडी घालून परत दिलं. "छापलंय झकास," एवढंच म्हणाले.

चंपाषष्ठीला त्यांच्या घरी खंडोबाची तळी उचलायची असे. भंडारा-खोबऱ्याचं ताट पाच जणांनी मिळून धरायचं. नाना धरून चौघे भावकीतले, पाचवा हात मित्राचा. त्या वर्षी भावकीने अंगणातच अट घातली, तो असेल तर आम्ही नाही.

"मंग जा," नाना म्हणाले. "देवानं त्याला कधी जात इचारली न्हाई."

तिघे निघून गेले. ताटाला दोनच हात उरले. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभा होतो. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

तीस वर्षं नानांच्या बायको, काकू, ताट मांडून मागे सरत आल्या होत्या. बायकांनी तळी धरायची नाही, असा त्या घरचा रिवाज. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, पुढे आल्या आणि ताटाला हात लावला.

"तिघं हाओत," त्या म्हणाल्या. "उचला."

पुढच्या उन्हाळ्यात नाना भट्टीसमोर कोसळले. मित्राने त्यांना खांद्यावर घालून टेम्पोपर्यंत नेलं. दवाखाना येण्याआधीच सगळं संपलं होतं. तेराव्याचं बोलावणं भावकीने मित्राला धाडलं नाही.

यंदाच्या चंपाषष्ठीला भावकी न बोलावता आली. काकू ताट मांडेनात.

"त्यांचा मैतर येऊ द्या."

"वयनी, देव आपला हाय. त्यो कशाला?"

"मागल्या साली देव आपला न्हवता का? तवा तुमी कुठं गेल्ता?"

काकू माझ्याकडे वळल्या. "तुझ्याकडं गाडी हाय ना?"

मी गेलो. मित्र ओट्यावर बसला होता. काकूंनी बोलावलंय म्हणताच त्याने सदरा चढवला आणि मुकाट्याने मागे बसला. आमच्या गावाची कमान दिसली तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब. मी चालत येतो हितून. तुझ्या गाडीवर दिसलो तर तुला तरास व्हईल."

तो उतरला आणि चालू लागला. बसा म्हणायचं होतं. मी गाडी बंद केली आणि तो कमानीच्या आत जाईपर्यंत तिथेच थांबलो.