बत्तीस टक्के

आमचे बाबा रंगारी. परांचीवरून पडले तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचे. ठप्, सर्रर्र. ठप्, सर्रर्र. मला कुणाचीही नक्कल जमते. शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई, कुणीच सुटत नाही. मग बाबा कसे सुटतील? मी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत त्यांच्यासारखी चालून दाखवायचे आणि आई पोट धरून हसायची. बाबाही हसायचे. जरा जास्तच मोठ्याने हसायचे, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

अपंगत्वाच्या पेन्शनसाठी सरकारी डॉक्टरांकडे तपासणी ठरली. आता घर त्या पेन्शनवरच चालणार होतं. बाबा मात्र आठवडाभर मागच्या बोळात, भिंतीला हात लावून, सरळ चालायचा सराव करत होते.

"अहो, तिथे शर्यत नाहीये," आई म्हणाली. "आहात तसे चला."

"चारचौघांत कशाला लंगडायचं?"

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी बाबांनी आपली काठी माझ्या हातात दिली. "धर. आजपासून तुझी नक्कल बंद."

डॉक्टर मान वर न करताच बोलत होते. "बसा. उठा. चाला. त्रास?"

"छे हो, झकास आहे." बाबा दात आवळून खिडकीपर्यंत ताठ गेले आणि परत आले. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. डॉक्टर लिहीत होते.

अपंगत्वाचे बत्तीस टक्के पडले. पेन्शनला चाळीस लागतात. "शाळेतही मला बत्तीसच पडायचे," बसमध्ये पाय चोळत बाबा म्हणाले.

फेरतपासणीचा अर्ज भरायचा राहिला होता. तेवढ्यात एका सकाळी छातीत कळ आली आणि बाबा गेले.

मग आई आणि मी पेन्शनच्या ऑफिसात, मागे राहिलेल्यांच्या पेन्शनसाठी. खिडकीतले कारकून नाकातून बोलतात. "वहिनी, मुळात त्यांचीच पेन्शन मंजूर नव्हती. तुम्हाला कुठून देणार?"

"त्यांना धड चालता येत नव्हतं हो."

"इथे लिहिलंय, आधाराशिवाय चालतात."

आई माझ्याकडे वळली. "दाखव यांना."

रांग बघत होती. मी चालले. ठप्, सर्रर्र. ठप्, सर्रर्र. कारकुनांनी पेन खाली ठेवलं. "बाळ, हे कागदावर लागतं गं."

तरी मी भिंतीपर्यंत गेले आणि वळले.

"जरा सावकाश," आई म्हणाली. "एवढे भरभर नव्हते चालत ते."