पाव्हण्याचं पाणी

सार्वजनिक आरोग्य शिकायला मी अमरावतीला गेले, तेव्हा अकोल्यात आमच्या मोहल्ल्यात बाबांनी परस्पर सांगून टाकलं की पोरगी डॉक्टर होऊन राहिली. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या तोंडून निघालेली गोष्ट मोहल्ल्यात पक्की समजली जायची. मी सुट्टीत घरी आले की शेजारच्या काकू जीभ बाहेर काढून दारात उभ्या. एकीने तर बाही वर सरकवून हातच पुढे केला.

"बीपी पाय वं बाई."

"काकू, माझ्यापाशी मशीन नाही."

"मंग शिकतं काय तू तिकडं?"

मी बाबांना समजावून सांगितलं, की मी एकेका माणसाचा इलाज शिकत नाही. गावंच्या गावं आजारी का पडतात, ते शोधायला शिकते. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक हाये. पन तुह्या हातानं बरं कोन होते?"

मला त्या प्रश्नाचा भयंकर राग आला. तिरसटपणा आमच्या घरात रक्तातूनच आलाय. मी न जेवता अमरावतीची गाडी धरली. बाबांचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर गाडीत बसला आणि पुढची दोन वर्षं उतरलाच नाही.

आमचा वर्ग म्हणजे मिसळ होती. कोणी दातांचा डॉक्टर, कोणी होमिओपॅथ, एक नर्स, बाकी माझ्यासारखे नुसते बीएस्सी. इतर विषयांची मुलं आम्हाला 'जनगणना खातं' म्हणून चिडवायची, कारण आम्ही सतत कुणाला तरी काहीतरी विचारत असायचो. आम्हीही त्यांना सुनवायचो, की गावात साथ आली की पहिला फोन आम्हालाच येईल, तेव्हा बघू.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी आम्हाला खारपाणपट्टा मिळाला. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अकोला आणि अमरावतीच्या मध्ये, काळ्या जमिनीखालचं पाणी खारट आहे. तिथल्या गावांत किडनीची दुखणी फार, आणि लोक बोट दाखवतात ते पाण्याकडेच. पाणी हेच खरं कारण आहे की आणखी काही, हे सांगायला आधी कोण कुठलं पाणी पितं ते कळायला हवं. आमच्या पाहणीवरून हेही ठरणार होतं, की दरवर्षी रक्त तपासणारं पथक कुठल्या गावांत पाठवायचं. जिथे लोक खारं पाणी पितात, ती गावं आधी.

माझ्या आत्याचं सासर याच पट्ट्यातलं. तिचे मालक किडनीनेच गेले. दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, कारण गावात कधी कुणी तपासायला आलंच नव्हतं. म्हणून ते पथक तिच्या गावात जायला हवं, असं मला मनापासून वाटत होतं. आत्या आता तिथे एकटी राहत होती.

पाहणी सुरू झाली आणि घराघरांतून एकच उत्तर यायला लागलं. "पिण्यासाठी आपण कोणतं पाणी वापरता?" असं विचारलं की बाई म्हणायची, "नळाचं." पुरुष म्हणायचा, "नळाचंच." नळाचं पाणी धरणातलं, गोड. आमचे मार्गदर्शक सर पुण्याचे होते, कामाला वाघ आणि बोलायला सरळ. पहिल्या काही गावांची उत्तरं पाहून ते म्हणाले, इथला पाण्याचा प्रश्न सुटलेला दिसतोय, ही गावं वगळू या. वगळायच्या गावांत आत्याचं गाव होतं.

दुसऱ्या दिवशी एका घरी बाजेवर बसून आम्ही असेच प्रश्न विचारत होतो. बाईने चहा आणला. छान दाट, दुधाळ चहा. मी कप तोंडाला लावला आणि तशीच थांबले. खाऱ्या पाण्यात दूध घातलं की चहा फाटतो, हे त्या पट्ट्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हा फाटला नव्हता. मी आत नजर टाकली. कोपऱ्यात मोठा रांजण होता, आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या फडक्याने झाकलेलं एक छोटं मडकं.

तसंच मडकं आत्याच्या घरी होतं. लहानपणी मी रांजणात पेला बुडवायला गेले की ती माझं मनगट धरायची. "तू पाव्हणी हायेस माय. त्या मडक्यातलं पे." नळ कधीमधी यायचा. आला की ते पाणी त्या मडक्यात जायचं, पाव्हण्यासाठी आणि चहासाठी. घरची माणसं रांजणातलं, हापशीचं खारं पाणी पीत. बाहेरच्या माणसाने पाण्याबद्दल विचारलं, तर त्या गावांत पाव्हण्याचं पाणीच सांगतात, कारण घराची इज्जत तिथे असते. कोणी खोटं बोलत नव्हतं. आम्ही बाजेवर बसलो होतो, म्हणजे आम्ही पाव्हणे होतो, आणि आम्हाला पाव्हण्याचंच उत्तर मिळत होतं.

मी कप खाली ठेवला आणि प्रमाण मराठीही बाजूला ठेवली.

"काकू, वावरात जातांनी बाटलीत कोन्तं पानी नेता?"

"हापशीचं," ती म्हणाली. मग माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहून, "वावरात काय पाव्हणे येतेत?"

जीपमध्ये बसल्याबसल्या मी सरांपुढे विषय काढला. ते म्हणाले, प्रश्न मध्येच बदलता येत नाही, मग आधीची उत्तरं आणि नंतरची उत्तरं शेजारी ठेवता येत नाहीत. नियमाने त्यांचं बरोबर होतं. पण माझा आवाज चढला, आणि चढला की माझी भाषा घसरते. "सर, तुमचा प्रश्न बराबर हाये. पन त्याले उत्तर मडकं देऊन राहिलं, घर नाई." ड्रायव्हर गालात हसला. सरांनी प्रश्नावली माझ्यापुढे धरली. मग म्हणाले, "एका गावात दोन्ही प्रश्न विचारून दाखव. फरक पडला तर बोलू."

मी आणि नर्स मैत्रिणीने उन्हातान्हात ते गाव पालथं घातलं. फरक एवढा पडला की सरांनी जेवता जेवता डबा बंद केला आणि आमची उत्तरं पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्यांनी सगळी पाहणी नव्याने करायला लावली, बाटलीचा प्रश्न धरून. कॉलेजात निष्कर्ष मांडताना सगळ्यांसमोर म्हणाले, "हा प्रश्न माझा नाही, हिचा आहे." मला तेव्हा फार अभिमान वाटला. अजूनही वाटतो. खोटा विनय आम्हा वऱ्हाडी माणसांना जमत नाही, तर मी तरी कशाला करू?

ती गावं यादीत राहिली. पथक जायला लागलं.

आता मी जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात साथरोगतज्ज्ञ आहे. कुठे ताप पसरला, कुठे हगवण लागली, की त्यामागचं कारण शोधत फिरते. नर्स मैत्रीण जंगलातल्या सेमाडोहकडे बाळंतिणी आणि लेकरांच्या पोषणाचं काम करते आणि फोनला रेंज नसल्याबद्दल मलाच शिव्या देते. दातांचा डॉक्टर पुण्यात आजारांचे आकडे तपासत बसतो. आता दात बघायला सांगितलं तर भीती वाटते म्हणतो.

आत्याच्या गावात पथक गेलं, तेव्हा पहिल्याच खेपेला तिच्या रक्तात किडनीची कुरकुर दिसली. तिला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, मीठ तोडलं आणि सांगितलं, वेळेत आलात. आता मडक्यातलं गोडं पाणी ती स्वतः पिते. "मंग पाव्हण्याले काय देतं?" मी तिला छेडलं. म्हणाली, "पाव्हण्याले आंधी पुसतो, घरून पानी आनलं का म्हून."

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला ती आमच्याकडे आली होती. विहारासमोर खीरदान चाललं होतं आणि पातेल्याशी बाबा. मी शेजारी वाट्या लावत होते. बाबांच्या डेपोतले एक जुने सोबती आले, त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, "पोरगी डॉक्टर झाली ना? कोन्त्या दवाखान्यात बसते?"

आता बाबा एखाद्या दवाखान्याचं नाव ठोकून देतील, असंच मला वाटलं.

"दवाखान्यात नाई बसत ते," बाबा म्हणाले. "एका गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला तं आपुन पाटा बदलत होतो. पन त्याच रोडवरच्या समद्याच गाड्यांचे पाटे तुटून राहिले, तं कोनी तरी रोड पाहाले जा लागते का नाई? माही पोरगी रोड पाहाते."

सोबत्याने मान हलवली, पण समाधान झालेलं दिसेना. "ते ठीक हाये. पन तिच्या हातानं बरं कोन होते?"

बाबांनी पळीने बायकांच्या रांगेकडे दाखवलं. तिथे आत्या बसली होती.

"माही बहीन," ते म्हणाले. "ते काय, दुसरी वाटी मांगून राहिली."