खाडीचा चिखल

भरतीच्या तोंडावर खाडीकडून चिखलाचा खारट, कुजका वास आला की अजून माझ्या पोटऱ्या आखडतात. पनवेलच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला मी नुकताच लागलो होतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात स्टोइक या प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्त्यांचं ‘निसर्गाशी जुळवून जगावं’ हे सूत्र समजावून सांगायचं होतं. ते शांतपणे घोकावं म्हणून दुपारी खाडीवर गेलो, ओहोटी बघून खुशाल चिखलात उतरलो आणि वीसेक पावलांवर मांडीपर्यंत रुतलो. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खाली जायचा. समोरून भरतीचं पाणी चकाकत सरकत होतं आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो. शिंपल्या वेचणारी एक वयस्कर कोळीण टोपली टाकून चिखलावरून सरपटत आली, पण हात द्यायच्या आधी खेकसली, “पाय झाडू नको! पाठीवर पड गपगार.” “मावशी, पाणी येतंय!” “त्याची येल झाली, ते येनारच. तुज्यासाठी थांबनार नाय. तू आंग टाक.” मी आडवा झालो. पाणी कानाला लागलं तरी पडून राहिलो. त्याहून अवघड काही मी आजवर केलेलं नाही. हळूहळू पाय सुटले आणि तिच्यामागोमाग पोटावर सरपटत मी काठाला लागलो. धाप टाकत तिनं विचारलं, “करतोस काय रं?” “कॉलेजात शिकवतो.” “काय शिकवतोस?” मी म्हणालो, “गणित.” स्टोइकांचा तो धडा मी अजून दरवर्षी वर्गात शिकवतो, पण खाडीवर जाऊन तिला खरं सांगायचं धाडस काही झालेलं नाही.