सारजाबाईची तुपाची वाटी

बहात्तरचा दुष्काळ गेला, पण सारजाबाईच्या मनातून काही निघाला नाही. सरकारी कामावर खडी फोडताना ती पोटुशी होती. तिथं वाटलेली सुकडी रामकिसन स्वतः न खाता तिच्या पदरात ओतायचा आणि पाणी पिऊन पुन्हा हातोडा उचलायचा. तेव्हाच तिनं मनाशी धरलं, दिवस पालटू दे, या नवऱ्याला तुपाला कमी पडू देणार नाही.

दिवस पालटले. गावात सहकारी डेअरी निघाली, दारात म्हैस आली. डेअरीला घालून उरलेलं दूध सारजाबाई विरजायची आणि दोन्ही वेळेला रामकिसनच्या भाकरीवर तुपाची वाटी पालथी करायची. "बास की गं," म्हटलं की डोळे वटारायची, "ती बिडी सोडा आन् तूप खावा," म्हणायची. बाई तोंडाची फटकळ, पण माया उतू जाणारी.

डेअरीचा कॅन घेऊन सडकेला जाताना रामकिसन तीन-तीनदा बसू लागला. पोटऱ्या आवळायच्या, बसलं की दुखणं जायचं. "लई आळशी झालात!" म्हणून ती चिडवायची आणि तूप वाढवायची. शेवटी डेअरीचे सेक्रेटरी नानासाहेब त्याला सोलापूरच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. आल्याबरोबर रामकिसननं बिडीचं बंडल चुलीत घातलं. आपल्या तुपानं बिडीला हरवलं, असं वाटून सारजाबाईला गगन ठेंगणं झालं.

दोन वर्षांनी कॅन घेऊन जातानाच तो पुलाजवळ छाती धरून कोसळला. घरी आणेपर्यंत सारं संपलं होतं.

दहाव्याला मांजरा नदीच्या काठावर कावळा पिंडाला शिवेना. "तूप घाला, तुपाबिगर जेवत न्हवते," बाया म्हणाल्या. सारजाबाईनं वाटी उचलली, तशी नानासाहेबांना राहवलं नाही.

"वैनी, तूप नगं. रक्ताच्या नळ्यांत चरबी साचलीया, पायाच्या तशाच काळजाच्या बी, असं डॉक्टर म्हनले हुते. बिडी आन् तूप, दोन्ही बंद करायला सांगितलं हुतं."

"आन् मला सांगितलं न्हाय?"

"त्यानं शपथ घातली वो. म्हनला, बिडी सोडतो, पर तुपाला न्हाय म्हनलं तर सारजा दुष्काळातच ऱ्हाईल."

ज्या हातानं ती त्याला जगवायला निघाली, त्याच हातानं त्याचा घास घेतला होता. तिनं वाटी खाली ठेवली, पिंडापुढं बसली आणि हात जोडले.

"सरला वो माझा दुष्काळ. आता कोरडंच खावा."

कावळा आला आणि शिवला. दोन वर्षं रामकिसन तिच्याशी खोटं वागला होता, आज ती त्याच्याशी खोटं बोलली.