बटणांचा वाडगा

भांडं चकचकीत दिसावं म्हणून मामांनी ते नळाखाली धरलं आणि तिथेच माती खाल्ली. महाशीर माशाची अंडी कोरड्या भांड्यातच घ्यायची, हे मत्स्यबीज केंद्रातल्या प्रत्येक नवख्याला सव्वीस वर्षं मामाच दरडावत आले होते. पाणी लागलं की अंड्याचं बारीकसं दार मिनिटभरात मिटतं. मग नराचा रस ओता नाहीतर हात जोडा, उपयोग शून्य.

अर्धी अंडी पडल्यावर केंद्रप्रमुख मॅडमना तळाशी पाणी दिसलं.

"मामा, हे काय?"

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. भांड्यातलं मात्र तिथेच होतं.

नदीवर धरण झाल्यापासून हा मासा दिसेनासा झालेला. तीन वर्षांत अंड्यावर आलेली ही एकच मादी. मॅडमनी तिला गुंगीच्या पाण्यात परत ठेवलं. "अर्धी अंडी पोटात आहेत अजून. पाच मिनिटांच्या वर या पाण्यात ठेवली तर ही जाईल."

शेडमध्ये भिंतीसुद्धा घामेजलेल्या, कोरडं भांडं कुठून मिळणार! मामा मागच्या क्वार्टरकडे धावले. मामी मशीनवर शिवत होत्या. शेजारी स्टीलच्या वाडग्यात बटणं. मामांनी वाडगा उचलून पालथा केला. बटणं खाटेखाली, दाराबाहेर, मिळेल तिकडे.

"अहो! गिऱ्हाइकांची आहेत! निवडून कोण देणार?"

"मी देतो! संध्याकाळी!"

"आणि हे गळके हात लावणार वाडग्याला? सोडा आधी."

मामींनी वाडगा कोरा पुसला, कापडात गुंडाळला आणि स्वतःच घेऊन पळाल्या. मामा मागून, हात हवेत धरून.

मॅडमनी मादीचं पोट टिपून कोरडं केलं. मामांनी हात पुसून अंगठा पोटावरून हलकेच मागे सरकवला. काहीच नाही. पुन्हा सरकवला. सोनेरी अंड्यांची धार सुटली. वर नराचा रस, मग पिसाने ढवळणं.

"आता पाणी."

मामांचा तांब्या हलेना.

"मामा, आता ओतायचंच असतं!"

ओतलं. मादी टाकीत सोडली. ती कलंडली, तशीच राहिली. मग शेपटी हलली, तेव्हा कुठे मामा खाली बसले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या भांड्यातली अंडी पांढरी पडली. मामांनी ती फेकून दिली. वाडग्यातली बरीचशी सोनेरीच राहिली आणि चौथ्या सकाळी त्यांतून शेपट्या वळवळू लागल्या.

मामींनी डोकावून पाहिलं. "गोड आहेत हो. आणि बटणं?"

"आज बसतोच," मामा म्हणाले. परवाही हेच म्हणाले होते. कोटाची, शर्टाची, झबल्यांची बटणं अजून एकाच पिशवीत आहेत.