युनूसभाईंची हळद

आधीच सांगून टाकते — अमावास्येला पंप सुरू करणारी बाई आहे मी. शेड घेतली तेव्हा लिंबू-मिरची बांधायला आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं होतं. आई तेव्हाच म्हणाली होती, "तू भूतंस्ले मानत नही, पन भूतं तुले मानतस ना!" मी हसले होते. तेव्हा हे वाचून कुणी हसलं तर माझी काही तक्रार नाही. मीही हसलेच असते.

मी नंदुरबारकडच्या पुरुषोत्तमनगरची. केमिकल इंजिनिअर. बरीच वर्षं गुजरातेत नोकरी केली आणि मग डोक्यात किडा शिरला की आपलं स्वतःचं काहीतरी करायचं. खांडबाऱ्याजवळ, स्टेशनच्या पलीकडे पत्र्याची एक शेड घेतली. तिथे आम्ही कापडाचा नारिंगी रंग बनवतो... पण हौदात काठी फिरवून नाही. दोन द्रव दोन पंपांनी बारीक नळीत सोडायचे, नळीतच ते एकमेकांत मिसळतात आणि दुसऱ्या टोकाने रंग बाहेर पडतो. अखंड, थोडा थोडा.

ऐकायला सोपं आहे. पण बारीक नळीत द्रव मिसळतच नाहीत! अबोला धरलेल्या दोन जावांसारखे एकाच घरात शेजारी-शेजारी चालतात, एकमेकींत येत नाहीत. त्यांना वळवावं लागतं, गोल गोल फिरवावं लागतं. त्यासाठी काचेचं वेटोळं हवं होतं, आणि ते बनवून दिलं नंदुरबारच्या युनूसभाईंनी. कॉलेजांच्या लॅबमधली फुटकी काच दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. तोंडात कायम पान, बोटात अकीकाच्या खड्याची जाड अंगठी.

त्यांची एक रीत होती. नवीन नळी जोडली की केमिकल लगेच सोडू द्यायचे नाहीत. एका बाजूने हळदीचं पाणी, दुसऱ्या बाजूने चुन्याची निवळी... चुना स्वतःच्या पानाच्या डबीतला! हळदीला चुना भेटला की लाल होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. सरळ नळीत पिवळं नि नितळ वेगवेगळं चाले, मधे फक्त एक लाल दोरा. वेटोळ्यात शिरलं की दोन फेऱ्यांत सगळं कुंकवासारखं! म्हणजे नळी पास. "बेन, पहले हल्दी, फिर शादी," म्हणायचे. "उलटा नै चलता."

आणि मग अंगठीने काचेवर टिचकी मारत पुढे पुढे जायचे. टिक-टिक... टिक. अडकलेले बुडबुडे हलवायला. जिथे काही अडलं असेल तिथे थांबायचे आणि घाईघाईने मारत राहायचे.

गेल्या उन्हाळ्यात युनूसभाई हार्टने गेले. त्यांची मुलगी नसरीन बीएस्सी झालेली, ती माझ्याकडे कामाला लागली. घर तिच्यावरच होतं. तिच्या अम्मीला मी शब्द दिला होता — पोरीला ॲसिडचा एक थेंब लागू देणार नाही. कारण आमच्या दोन द्रवांतला एक जरा तापट. बर्फात ठेवला तर गरीब गाय, डोकं तापलं तर गॅस सोडतो आणि भांडं फोडतो. ते बर्फातलं भांडं नसरीन सांभाळायची.

पुढे शेडमध्ये सामान हलवताना ते काचेचं वेटोळं फुटलं. नसरीनने तुकडे ओढणीत गोळा केले आणि घरी नेले. मला फार वाईट वाटलं, पण धंदा थांबवून चालणार नव्हतं. वापीहून प्लॅस्टिकची दुधी नळी मागवली, काचेपेक्षा बारीक, आणि तिचंच वेटोळं केलं.

नवी नळी लागून काही दिवस झाले होते. दुपार होती. जेवून आम्ही लाईन चालू केली. नसरीन दोन्ही हात मोज्यांत घालून बर्फ फोडत भांड्यापाशी उभी. मी दारापाशी टेबलावर. पंखा घरघरत होता... आणि त्यातून ऐकू आलं.

टिक-टिक... टिक.

काचेवर अंगठी. आधी वाटलं, नसरीन काही वाजवतेय. मान वर केली तर तिचे दोन्ही हात बर्फात. आवाज दोन नळ्या जुळतात तिथून निघाला. पुढे सरकला. वेटोळ्याच्या एका फेरीवरून दुसऱ्या फेरीवर... मी डोळ्यांनी आवाजाच्या मागे चालले होते, आणि तिथे कुणीही नव्हतं. मग एका वळणावर तो थांबला, आणि तिथेच वाजत राहिला. घाईघाईने. टिकटिकटिकटिक.

कशी उठले आठवत नाही. त्या वळणाला हात लावला तर नळी दगडासारखी ताठ. वळून पाहिलं — नसरीनच्या भांड्याकडून येणारी नळी नारिंगी झाली होती! जिथे दोन द्रव अजून भेटलेच नाहीत, तिथे रंग! आणि तो रंग मागे मागे, तिच्याकडे सरकत होता.

"नसरीन, बाहेर पळ!"

"काय जयं ताई?"

मी दोन्ही पंप बंद केले, तिचा दंड धरला आणि ओढतच बाहेर आणली. आम्ही शेडसमोरच्या कडुनिंबापाशी पोचलो आणि मागे धडाड्! स्टीलच्या भांड्याचं झाकण छतात घुसलं होतं. पत्र्याचं ते भोक मी अजून बुजवलेलं नाही.

सगळं थंड झाल्यावर ते वळण कापून पाहिलं. आत लाल, घट्ट गोळा. हळद आणि चुना! त्यावर आमच्या रंगाचे थर बसत गेले, वाट बंद झाली आणि एका पंपाने दुसऱ्याचा द्रव मागे भांड्यात ढकलला, आणि तिथला तापट द्रव भडकला. पण हळद टाकली कुणी? मी तर टाकली नव्हती.

नसरीन खाली बसली आणि रडायला लागली. "मीच टाकी व्हती, ताई. नवी नळी लावी त्या दिवशी. अब्बानी रीत व्हती ना ती..." ओढणीतून गाळूनही घेतली होती बिचारीने. पण अब्बांची काच रुंद होती, ही नळी बारीक. मी तिला जवळ घेतलं.

म्हणजे रंग मागे का सरकला, याचं उत्तर माझ्याकडे आहे. आवाजाचं नाही. मी पाना घेऊन शेडमधली एकूण एक वस्तू वाजवून पाहिली. नळी नुसती 'ठप' करते. पंप चालवून पाहिला, भर उन्हात पत्रा तडतडतो तो ऐकला. काच म्हणून शेडमध्ये नव्हतीच, आमचे चहाचे पेलेसुद्धा स्टीलचे. आणि समजा काहीतरी वाजलंच असेल... तर नेमकं त्या वळणावर जाऊन का थांबावं?

शेवटी नसरीनला विचारलं, तुलाही ती टिकटिक ऐकू आली का? "माले काहीच ऐकू नही उनं, ताई."

वाचली ती. ऐकू आलं मला. हे मला आजही टोचतं.

आता आमच्याकडे नळी रुंद आहे. आधी हळद लावतो, पाण्याने खळखळून धुतो, मगच केमिकल. आवाज त्यानंतर कधी आला नाही. पण रोज लाईन सुरू करायच्या आधी नसरीन पंखा बंद करते आणि नळीपाशी कान देऊन उभी राहते. मग माझ्याकडे बघून विचारते, "आज आवाज उना का?"

मी नाही म्हणून मान हलवते. ती आणखी थोडा वेळ थांबते, आणि मग पंखा लावते.