मावळतीकडचं घर

सुरुवातीलाच माफी मागतो. ज्या गोष्टीबद्दल मी लिहिणार आहे ती मोबाइलवरच्या एका खेळातली आहे. एवढ्यासाठी कुणाचा वेळ घ्यावा का, या विचारात मी बरेच दिवस काढले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. लिहिणं म्हणजे परीक्षेत लिहायचं ते, अशीच आमची समजूत. त्यामुळे कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव आगरदांड्याच्या अलीकडे, थेट दर्यावर. बाबा मासेमारीच्या बोटीवर असतात. बोट एकदा गेली की आठ-दहा दिवस येत नाही, आणि आत गेल्यावर मोबाइलही लागत नाही. आई मासळी विकते आणि वाळवते. मला बोट लागते. लहानपणी एकदा बाबांबरोबर गेलो होतो, तेव्हा बंदरातून बाहेर पडायच्या आतच मला एवढ्या उलट्या झाल्या की बोट परत फिरवावी लागली. आई अजून सगळ्यांना सांगते, "आमचा पोरगा हुशार न्हाय, त्याला बोट लागते म्हणून कॉलेजात घातलाय."

माझ्यामागे एक बहीण. दहावी झाल्यापासून ती आईबरोबर बोंबील वाळत घालत होती. बांबूच्या दांड्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगायचे, आणि कावळे हाकायचे. कावळे हाकता हाकता ती मोबाइलवर तो खेळ खेळायची. ठोकळ्यांचं जग असतं. झाडं चौकोनी, ढग चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. लाकूड तोडायचं, दगड खणायचे, घर बांधायचं, आणि अंधार पडला की भुतांपासून जीव वाचवायचा. जिंकणं-हरणं असं काही नाही. नुसतं राहायचं.

मी घाटावरच्या शहरात शिकायला आलो तेव्हा ती म्हणाली, "दादा, माझ्या जगात ये. तिकडून पण येता येतं."

तेव्हापासून मी तिच्या जगात जायला लागलो. ते जग तिच्या मोबाइलमध्ये होतं. तिने उघडलं तरच मला आत जाता यायचं. संध्याकाळी मासळी आवरून ती बसली की मी हॉस्टेलच्या खाटेवर पाय दुमडून बसायचो, कानात वायर घालायचो, आणि आम्ही बोलत बोलत खेळायचो. तिने तिथे समुद्राच्या काठाला घर बांधलं होतं. दगडी ओटा, वर कौलांसारखं तांबडं छप्पर, आणि दर्याकडे एक मोठी खिडकी. त्या खिडकीत ती बराच वेळ नुसती उभी राहायची.

"दादा, वर ये, बघ," ती हाक मारायची.

मी घराखालच्या खाणीत असायचो. "थांब, कोळसा लागलाय," मी म्हणायचो.

हॉस्टेलमध्ये सुरुवातीला मला दिशा कळायच्या नाहीत. आमच्या घरात पूर्व-पश्चिम कुणी म्हणत नाही. दर्याकडची चूल, डोंगराकडची मोरी, असंच सगळं. एकदा मी खोलीतल्या मित्राला म्हणालो, "तो दर्याकडचा दिवा बंद कर ना." तो बिचारा चारी भिंतींकडे बघत राहिला. मग एवढा हसला की शेजारच्या खोलीतली मुलं आली. त्या दिवसापासून माझं नाव पडलं दर्या.

गणपतीनंतर बहिणीला निरोप आला. मासे टिकवण्याचं, त्यांच्यावर प्रक्रिया करण्याचं शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत तिला जागा मिळाली होती. राहणं-खाणं फुकट. पण ते शहर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पूर्वेच्या किनाऱ्यावर होतं. येणार की नाही ते थोड्याच दिवसांत कळवायचं होतं, आणि बाबा नेमके आदल्या दिवशी बोटीवर गेले होते.

मी आईला फोन केला. "आई, तिला जाऊ दे."

"मी कोण जाऊ देनारी? बापूस घरा येऊ दे, मंग बघू."

"पण तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? एक घाटावर, दुसरी त्या टोकाला, मंग बोंबील काय मांजरानं वाळवायचं?" मग हळू आवाजात ती म्हणाली, "तुझा बापूस तुझ्या टायमालाच बोलला व्हता, एक गेला तेवढा पुरे."

ते मला माहीत होतं. बहिणीलाही माहीत होतं. म्हणून आम्ही दोघं त्याबद्दल बोलायचो नाही. बाबा येईपर्यंत काही करता येण्यासारखं नव्हतं. आम्ही खेळत राहिलो.

त्याच दिवसांत मी तिथे हरवलो. लोखंड शोधत खाणीतून कुठे कुठे गेलो, आणि भलत्याच ठिकाणी वर आलो. ओळखीचं काही दिसेना. अंधार पडत होता म्हणून घाईघाईने एक खोपटं बांधलं, बरोबर आणलेली खाट मांडली आणि झोपलो. ही मोठी चूक होती. त्या खेळाचा नियम असा की मेलात तर शेवटचं ज्या खाटेवर झोपला होतात तिथे परत उठता. मी तिथे झोपलो नसतो तर एखाद्या कड्यावरून उडी मारून सरळ घरी उठलो असतो. आता किती वेळा मेलो तरी त्या परक्या खोपटातच डोळे उघडणार होते. हॉस्टेलच्या खाटेवर बसून मी हे बहिणीला सांगत होतो, तेव्हा मला कसंतरीच झालं.

"मला न्यायला ये ना," मी म्हणालो.

"तू कुठं हायेस ते तुलाच न्हाय म्हाईत, मी कुठं येऊ?"

"मग घराची खूण तरी सांग."

"वा! स्वतःच्या घराची खूण विचारतो. दर्याच्या कडेला हाय. चालत ये."

एवढं मला पुरेसं होतं. दर्या कुठे असतो ते मला जन्मापासून ठाऊक आहे. सूर्य बुडतो तिथे. सकाळी सूर्य डोंगरामागून वर येतो, संध्याकाळी दर्यात जातो, आणि तो जातो त्या बाजूला आमच्या घराचं दार आहे. मी तो चौकोनी सूर्य बघितला, त्याच्याकडे तोंड केलं आणि चालायला लागलो.

ते चालणं अजून माझ्या डोळ्यांपुढे येतं. खरं सांगायचं तर कॉलेजच्या त्या पहिल्या वर्षातलं मला तेच सगळ्यात नीट आठवतं. तिथला दिवस काही मिनिटांचा असतो. सावल्या बघता बघता लांब होतात. गवताळ माळ संपून जंगल लागायचं, जंगल संपून वाळू, वाळू संपून बर्फ. बर्फ मी कधी बघितलेला नाही, पण त्याच्यावरून चाललोय, पायांखाली कुरकुर वाजतंय, आणि कानात बहिणीच्या मागून आमच्या गावातले कावळे ओरडतायत. कुणाच्या तरी बोटीचं इंजिन ठोकत असायचं. आई कुणाला तरी म्हणत असायची, "पापलेट न्हाय गो आज, सुरमई घेऊन जा." ते सगळे आवाज त्या बर्फावर पडायचे. मधेच बहीण विचारायची, "आलास का?" मी म्हणायचो, "येतोय." पुढे मावळतीला आकाश गुलाबी व्हायचं, आणि प्रत्येक टेकडी चढताना वाटायचं की पलीकडे दर्या दिसणार. नुसती दुसरी टेकडी असायची.

खोलीतला मित्र डोकावायचा. "दर्या, पोचलास का घरी?"

"अजून नाही."

"एवढं चालला असतास तर खऱ्या घरी पोचला असतास की रे! आईच्या हातचं जेवून परतसुद्धा आला असतास."

आणि रोज शेवटी मी विचारायचो, "बाबा?"

"न्हाय अजून," ती म्हणायची. मग जग बंद व्हायचं.

एका संध्याकाळी मला समुद्र लागला. टेकडीवरून खाली सगळं पाणी, आणि सूर्य त्याच्यात अर्धा बुडालेला. मी जवळजवळ ओरडलोच. धावत खाली उतरलो. किनारा एका बाजूला दूरपर्यंत बघितला, मग दुसऱ्या बाजूला. तांबडं छप्पर कुठेच नव्हतं.

"दर्या लागला, पण घर दिसत नाही," मी म्हणालो.

"बघ नीट. सूर्य कुठं हाय?"

"कुठे म्हणजे? दर्यात. बुडतोय."

 ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. आई विचारायला आली काय झालं म्हणून, तर तिलाही सांगता येईना.

"दादा, हा आपला दर्याच न्हाय! आपल्या घरासमोर सूर्य उगवतो. दर्यातून. म्हणून तर मी तिथं घर बांधलं. तू एवढे दिवस मावळतीला चालत होतास? घराकडे पाठ करून?"

मी म्हणालो, "दर्या मावळतीलाच असतो ना."

"आपल्या गावात असतो. सगळीकडं न्हाय काय!" मग ती म्हणाली, "बुडताना रोजच बघतो आपण. उगवताना कसा दिसतो ते बघायचं होतं मला. तुला किती वेळा हाक मारली, तू आपला कोळसा खणत बसायचास."

मग तिने विचारलं, "परत फिरशील ना? का राहतोस तिथंच?"

मी परत फिरलो. आता सूर्य बुडायचा तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करायचो, आणि उगवायचा तेव्हा त्याच्या दिशेने चालायचो. बर्फ, वाळू, जंगल, सगळं उलट्या क्रमाने. चालताना एक गोष्ट माझ्या मनात आली, जी इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. बाबा बोटीवरून परत येतात तेव्हा त्यांच्यासमोर दर्या नसतो, डोंगर असतो. पहाटे बंदराकडे येताना सूर्य त्यांना आमच्या घरामागून उगवताना दिसत असणार. म्हणजे त्यांचं घर उगवतीलाच. आम्ही एकाच घरात राहतो, आणि ते घर मला एका दिशेला आहे नि त्यांना दुसऱ्या. मला बोट लागते म्हणून मला हे कळलं नाही. बहिणीला कसं कळलं, ते मला माहीत नाही.

कळवायची मुदत जवळ येत होती. "बोट कधी येणार?" मी विचारलं तर ती म्हणाली, "बोटीत मासळीसाठी बर्फ भरलाय तेवढे दिवस. आज-उद्या येतील." तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मीही घाई करायला लागलो, का ते सांगता येत नाही. बाबा यायच्या आत आपण तिथल्या घरी पोचलं पाहिजे, असं उगाचच वाटत होतं. लेक्चरला बसलो तरी पायांखाली ते गवत सरकत असायचं.

शेवटी एका संध्याकाळी, तिथे रात्र असताना, लांबवर एक पिवळा ठिपका दिसला. जवळ गेलो तसा तो खिडकीएवढा झाला. तांबडं छप्पर, दगडी ओटा. दारात कुत्रा बसला होता. हाडकं घालून घालून तिने तो माणसाळवला होता.

"आलो!" मी म्हणालो. "ऐकतेस ना? पोचलो मी!"

उत्तर आलं नाही. ती खिडकीत उभी होती, पाण्याकडे तोंड करून. मी तिच्याभोवती फिरलो, समोर उड्या मारल्या. ती हलली नाही. तिने मोबाइल चालू ठेवून कुठेतरी खाली ठेवला असावा. कानात नुसते दूरचे आवाज येत होते. एक पातेलं वाजलं. कुणीतरी जडपणे खोकलं. ते खोकणं मी ओळखलं. बाबा आले होते.

मी तिच्या शेजारी खिडकीत उभा राहिलो. काय बोलतायत ते ऐकायचा प्रयत्न केला, पण कळलं नाही. नुसती कुजबुज, मधे आईचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. समोरचं पाणी काळं होतं, मग निळसर झालं. आणि मग त्या पाण्यातून तो चौकोनी सूर्य वर यायला लागला. ज्यासाठी तिने इतक्या वेळा हाक मारली होती तो हाच. पाण्यावर एक उजेडाची वाट पडली, ती सरळ खिडकीपर्यंत आली. मी वळून तिच्याकडे बघितलं. ठोकळ्याच्या चेहऱ्यावर काय दिसणार? तरी बघितलं.

तेवढ्यात सगळं गेलं. जग बंद झालं. मी काळ्या पडद्याकडे बघत बसलो. मित्राने विचारलं, "काय झालं रे?" 

मग फोन वाजला.

"बाबा आले," ती म्हणाली. धाप लागल्यासारखं बोलत होती.

"मग?"

"आईनं जेवायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता ओरडतील. काहीच न्हाय बोलले. जेवले. हात धुतला. मग मला विचारलं, तिकडं दर्या कुठल्या अंगाला?"

"तू काय सांगितलंस?"

"उगवतीला, म्हटलं. त्यांना पटेचना. परत विचारलं, उगवतीला? नक्की? म्हटलं, व्हय. मग ओट्यावर जाऊन बसले. किती वेळ बसले, दादा! मी आपली दारात उभी. मग तिथूनच म्हणाले..."

 तिच्या मागून आई कुणाला तरी जोरात सांगत होती, माळ्यावरची मोठी पेटी काढायला हवी.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मंग घरा यायला मावळतीला तोंड करायचं. ध्यानात ठेव. आणि जा."